सतराव्या रकान्यातलं 'होय'

माझ्या बाबांनी आयुष्यात एकही रकाना रिकामा सोडलेला नाही. तहसील कचेरीत बत्तीस वर्षं काढली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, आणि त्यांचा एकच धर्म : जिथे लिहायला काही नसेल तिथे 'निरंक' लिहायचं. रिकामी जागा म्हणजे आमंत्रण, उद्या कोणीही त्यात काहीही घुसडेल. आमच्या घरातले सगळे फॉर्म तेच भरतात, रेशन कार्डापासून गॅसपर्यंत. पेन ठरलेलं, शाई निळी, आणि अक्षर असं की खिडकीतला बाबू दोन मिनिटं नुसता पाहत राहतो. म्हणून माझा व्हेरिफिकेशनचा फॉर्म आला तेव्हा मी तो मुकाट्यानं त्यांच्यासमोर ठेवला आणि वांगी चिरायला बसले.

नोकरी कशाची ते आधी सांगते. नागपूर विमानतळाजवळच्या मिहानमध्ये विमानं दुरुस्त करायचे मोठाले हँगर आहेत. तिथे हत्यारांच्या स्टोअरवर माणूस पाहिजे होता. कोणता पाना कोणी नेला, परत आला का, मोजमापाची हत्यारं बरोबर दाखवतात का, हे पाहायचं. हिंगण्याच्या एका कारखान्यात चार वर्षं मी हेच काम करून राहिले होते. फरक एवढाच की तिथे पाना हरवला तर सुपरवायझर म्हणतो, "जाऊ दे ना, दुसरा घे." हँगरमध्ये पाना हरवला तर तो सापडेपर्यंत विमान उडत नाही. मुलाखतीत हे ऐकलं तेव्हाच मी त्या जागेच्या प्रेमात पडले. निवडयादीत माझं नाव दुसरं होतं. आता फक्त विमानतळाच्या आतल्या बाजूचा पास मिळायचा होता आणि त्याच्यासाठी हा फॉर्म. पास नाही तर नोकरी नाही, इतकं सरळ.

"ये, सही कर," बाबांनी हाक मारली.

चौथ्या पानावर बारापासून एकोणीसपर्यंतच्या रकान्यांना त्यांनी एक झोकदार महिरपी कंस घातला होता आणि त्याच्यापुढे एकच शब्द : निरंक. बारा, गुन्हा दाखल झाला आहे काय. तेरा, अटक झाली आहे काय. असं करत करत सतरा. आपण पूर्वी कधी मादक पदार्थांचे सेवन केले आहे काय? असल्यास कालावधी, उपचार व तपशील.

"बाबा, सतरा निरंक नाही."

त्यांनी चष्मा काढला. "अटक झाली? नाही. केस झाली? नाही. शिक्षा? नाही. मग निरंकच येते. एकाच कंसात बसते ते."

"सतरामध्ये अटक नाही विचारली त्यांनी. घेतलं होतं का, असं विचारलं."

"अगं, हे खोटं नसते. पद्धत असते ही."

स्वयंपाकघरातून आईनं फोडणीच्या आवाजातूनच ओरडून सांगितलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची! सही कर अन् मोकळी हो."

आता ती मूठ उघडते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

सात वर्षांपूर्वी मी वर्ध्याच्या पुढच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंग शिकत होते आणि हॉस्टेलला राहत होते. गांजा मी पहिल्याच वर्षी धरला. कोणी पाजला नाही, कोणी फूस लावली नाही. कॉलेजसमोरच्या टपरीवर मिळायचा, मी मागितला, त्यानं दिला. आवडला. मग झोपेच्या गोळ्या आल्या, त्याही आवडल्या. हे वाक्य बोललं की लोकांचं तोंड पाहण्यासारखं होते. त्यांना काहीतरी दुःख पायजे असते, बापाचा मार, प्रेमभंग, निदान नापास होणं. माझ्याकडे तसलं काहीच नव्हतं बाप्पा. मला बरं वाटायचं म्हणून मी घ्यायची.

दुसऱ्या वर्षी मला नवी रूममेट आली. नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातली, वडिलांची संत्र्याची थोडी झाडं, बारावीला तालुक्यात पहिली आलेली. तिला घरची आठवण यायची. रडायची, जेवायची नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी म्हटलं, "घे वं, बरं वाटते." तिनं घेतला. तीनचार महिन्यांत तीही माझ्यासोबत लेक्चर बुडवून पडून राहायला लागली. ही गोष्ट मला माहीत होती, तिला माहीत होती, आणि तिसऱ्या कोणालाही माहीत नव्हती.

एका तपासणीत रेक्टरबाईंना आमच्या कपाटात पुडी सापडली. कपाट एकच होतं, दोघींचं. बाबांना बोलावलं. त्यांनी तिथेच बाकावर बसून एक पानभर पत्र लिहून दिलं : माझी कन्या सुस्वभावी व अभ्यासू असून खोलीतील सहवासिनीच्या वाईट संगतीस बळी पडली आहे. त्यांना खरंच तसं वाटत होतं. त्यांनी मला विचारलं, "त्या पोरीनंच ना?" आणि मी मान हलवली. हलवली म्हणजे कशी, हो म्हणून की नाही म्हणून, ते माझं मलाही समजू नये अशी. पण बापाला कळायचं ते कळलं.

माझ्या दाखल्यावर 'वर्तणूक : चांगली' असं आलं. तिच्या दाखल्यावर 'असमाधानकारक'. तिचे वडील एसटीनं आले, तिची पत्र्याची पेटी खांद्यावर घेतली आणि कोणाला एक शब्द न विचारता चालू लागले. ती दारात थांबली होती. मी काही बोलते का, याची वाट पाहत होती. मी ब्र काढला नाही. घरी आल्यावर आई म्हणाली, सुंठीवाचून खोकला गेला.

नागपुरात मला एकवीस दिवस व्यसनमुक्तीच्या वॉर्डात ठेवलं. मी सोडलं, ते सुटलं, त्यानंतर पुन्हा शिवले नाही. मोहल्ल्यात आईनं सांगितलं की पोरीला कावीळ झाली. मग काय विचारता! शेजारच्या काकू रोज उसाचा रस घेऊन यायच्या. एवढ्यावर भागलं नाही, तर कावीळ उतरवणाऱ्या एका बुवाकडे मला घेऊन गेल्या. त्यानं चुन्याच्या पाण्यात माझे हात धुतले, मंत्र पुटपुटला, आणि ते पाणी पिवळंधमक झालं. मला कावीळ नव्हती, तरी झालं! काकू म्हणाल्या, "पाहा, किती होती अंगात." मी पुढे दुसऱ्या कॉलेजातून डिग्री पूर्ण केली, नोकरीला लागले, पण काकूंच्या घरी आजही मला भजी मिळत नाहीत. तेलकट नको, कावीळवाली आहे.

तर अशी ही सव्वा लाखाची मूठ. तिच्यासाठी एका पोरीचं शिक्षण गेलं होतं, आणि आता बाबा तीच मूठ मला पुन्हा झाकायला सांगून राहिले होते, तेही सुंदर अक्षरात. माझं डोकं फिरलं.

खाडाखोड कशी करायची हेही बाबांनीच शिकवलेलं. व्हाइटनर लावायचं नाही, गिरवायचं नाही, एक सरळ रेघ आणि बाजूला छोटी सही. मी त्यांच्या हातातलं पेन घेतलं, निरंकावर सरळ रेघ मारली, छोटी सही केली, बाकीच्या रकान्यांपुढे वेगवेगळं 'नाही' लिहिलं आणि सतरापुढे लिहिलं : होय. गांजा व झोपेच्या गोळ्या, सुमारे दीड वर्ष. एकवीस दिवस उपचार. सात वर्षांपासून पूर्ण बंद.

बाबांनी तो कागद उचलून उजेडात धरला. "सत्यानाश केला फॉर्मचा," एवढंच म्हणाले आणि माझ्याशी बोलणं टाकलं.

आई मात्र बोलत राहिली. पोरीची जात, लग्नाचं वय, पोलीस घरी येणार, मोहल्ल्याला तमाशा. मी म्हटलं, "आई, ज्या जागेत हरवलेला पाना लपवला तर माणसं मरतात, त्या जागेत मी लपवाछपवी करून शिरू?" मोठा टाळ्या घेणारा डायलॉग होता. पण तपशिलात रूममेटला गांजा मी दिला हे मी लिहिलं नव्हतं. तसं विचारलेलं नाही, अशी मी माझी समजूत घातली होती. बाप निरंक लिहितो आणि लेक विचारलं तेवढंच लिहिते, घराणं एकच.

पोलीस आले ते सकाळी अकराला. एकच हवालदार, पन्नाशीचा, घामाघूम. आईनं खुर्ची दिली, पंखा त्याच्याकडे फिरवला, चहा ठेवला. चौकशीला शेजारच्या माणसाची सही लागते, म्हणून काकूंना बोलावलं. काकू नवी साडी नेसून आल्या.

"पोरगी कशी आहे?" हवालदारानं खिशातून तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी काढून तळहातावर घोटत विचारलं.

"सोन्यासारखी आहे जी. खाली मान घालून जाते, खाली मान घालून येते. एकदा कावीळ झाल्ती फक्त."

मी म्हटलं, "काकू, कावीळ नव्हती. मी गांजा प्यायची आणि गोळ्या खायची. तेव्हा मी दवाखान्यात होते."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, हवालदाराकडे पाहिलं. मग एकदम दुखावल्या आवाजात म्हणाल्या, "माय वं! मग ते पाणी कसं पिवळं झालं?"

मला इतकं हसू आलं की मी आत पळाले. हवालदाराची मात्र पंचाईत झाली. तो मला बाहेर बोलावून समजावू लागला. "मॅडम, केस आहे का तुमच्यावर? नाही ना? मग आमच्या रेकॉर्डले काही नाही. तुम्ही काहून लिहून राहिल्या? याले म्हणतेत आ बैल मुझे मार. मी बावीस वर्षांत एवढे फॉर्म पाहिले, या खान्यात 'होय' नाही पाहिलं."

"म्हणजे बावीस वर्षांत नागपुरात कोणी नशा केलीच नाही?"

त्यानं खर्र्याची गोळी गालात सरकवली आणि विचारात पडला. "तसं नाही," तो म्हणाला. मग सही घेऊन गेला. काकूंनी सही केली, पण 'सोन्यासारखी' हे लिहू नका म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी मिहानमधून बोलावणं आलं. सुरक्षा अधिकाऱ्यांना भेटा, आणि फॉर्ममध्ये दोन वेगळी अक्षरं का आहेत त्याचा खुलासा करा. ते पत्र मी टेबलावर ठेवलं. बाबांनी वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून दारात उभे. माझ्याशी बोलत तर नव्हतेच. मी स्कूटी काढली, ते मागे बसले, आणि वर्धा रोडनं आम्ही मिहान गाठलं.

अधिकारी फौजेतून निवृत्त झालेला, हिंदी बोलणारा, केस बारीक कापलेला. आवाज चढवणारा वाटला, पण निघाला मवाळ. फॉर्म त्याच्यासमोर होता. "पहले निरंक, फिर काट के होय. यह निरंक किसने लिखा?"

मी तोंड उघडलं. खरं सांगायचं तर बापाचं नाव घ्यायचं होतं. हजारो लोकांचे फॉर्म ज्यांनी निर्दोष भरून दिले त्या माणसानं खोटं लिहिलं, असं परक्या माणसासमोर म्हणायचं होतं. तेवढ्यात बाबा उभे राहिले. "मैंने लिखा साहब. लड़की ने मना किया था."

साहेबानं त्यांना बसायला सांगितलं. पाणी मागवलं. मग माझ्याकडे वळून समजुतीच्या सुरात म्हणाला की हे बघा, तुम्ही स्वतःहून सांगितलं, उपचार घेतले, पोलिसात काही नाही. हे मी वर चांगल्या शेऱ्यानं पाठवू शकतो. फक्त एक लहानसं निवेदन जोडा. "हॉस्टल का माहौल, गलत संगत, कच्ची उम्र. ऐसा लिख दीजिए. सब समझते हैं."

बाबांचा हात खिशाच्या पेनाकडे गेला. "अभी लिख देता हूँ साहब," ते म्हणाले. "रूममेट थी एक."

कागद त्यांनी पुढे ओढलासुद्धा. तेच पान, तेच अक्षर, तीच पोरगी दुसऱ्यांदा. मला ऐकू आलं ते माझंच बोलणं, मराठीत, जरा जास्तच मोठ्यानं.

"बाबा, लिहू नका. तिनं मला नाही बिघडवलं. मी तिला बिघडवलं. पुड्या मी आणायची. तिला पहिल्यांदा मी दिला. वाईट संगत मीच होते."

बाबांनी पेनाचं टोपण काढलं होतं. ते त्यांनी परत लावलं. साहेबाला मराठी येत नसेल असं मला वाटलं होतं, पण नागपुरात इतकी वर्षं राहून कोणाला येत नाही? त्यानं फॉर्म बंद केला आणि हळू आवाजात म्हणाला, "बेटा, यह मैंने सुना नहीं. खुद लेना एक बात है, दूसरे को देना दूसरी. यह कागज पर आया तो पास भूल जाओ. निवेदन रहने दो. जितना लिखा है उतने पर मैं भेज देता हूँ. घर जाओ."

म्हणजे पास मिळत होता. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायचा मला चांगला सराव होता.

परतीच्या वाटेवर बाबांनी खांद्यावर थाप मारून स्कूटी थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला, डोक्यावर ऊन. ते खाली उतरले आणि बऱ्याच दिवसांनी माझ्याशी बोलले.

"मले काहून नाही सांगितलंस तेव्हा?"

"भीती वाटली."

"कोणाची? माही?"

"हो. आणि माझं वर्ष जाईल याची."

"तिचं त गेलंच." त्यांनी रुमालानं मान पुसली. "म्या एका पोरीचं शिक्षण खाल्लं." एरवी बाबा घरात कचेरीची मराठी बोलतात. असे बोलले की समजायचं, आतून हललेत.

"तुम्ही एकट्यानं नाही बाबा."

"घर माहीत आहे तिचं?"

गाव माहीत होतं. पेटीवर पत्ता रंगवलेला असायचा आणि मी तो वर्षभर झोपता उठता वाचला होता. रविवारी आम्ही नरखेडची एसटी धरली. आईला सांगितलं नाही. नरखेडहून काळीपिवळी जीपनं पुढे, दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा. उतरलो तिथेच, स्टँडला लागून मोटर वाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी दारात रांगेनं पडलेल्या. आत ती बसलेली, मांडीवर उघडी मोटर, बोटांत तांब्याची तार. भरली होती अंगानं. तिनं मला लगेच ओळखलं आणि तार सोडली नाही.

"काहून आली वं?"

मी पाठ करून आले होते ते सगळं विसरले. जे आलं ते बोलले. की माझं चुकलं, मी तेव्हा तोंड उघडायला पाहिजे होतं, मी भित्री होते. ती ऐकत होती आणि तार गुंडाळत होती. मग बाबांनी हात जोडले. माझे बाबा, ज्यांनी साहेबांपुढे मान तुकवली पण हात कधी जोडले नाहीत.

"माफ कर बाई. माह्याकडून पाप झालं."

तिनं मोटर बाजूला ठेवली. "काका, बदनामी त तुमी लेखी केल्ती," ती म्हणाली. "अन् माफी तोंडी मागून राहिले?"

बाबांनी जोडलेले हात खाली घेतले.

"तीन कॉलेजं फिरली मी. दाखला पाह्यला का हात झटकत. बाबा माहा हाय खाऊन बसला. मी मोटरी भराले शिकली, पोट भरते, तुमच्या दयेची गरज नाही मले. पण मले ती डिग्री पुरी कराची आहे. रडू गिडू नका. लिहून द्या. कॉलेजले एक, मले एक."

खोटं काहून बोलू, पहिला विचार आला तो पासचाच. तो हँगर, ती यादी, दुसरा नंबर. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे लिहिलं त पास गेला."

"कोणता पास?" तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि खांदे उडवले. "तुहा पास तू पाह्य. मी काय करू?"

अगदी बरोबर बोलली. ती मोठ्या मनानं 'जाऊ दे' म्हणाली असती तर मी घरी आले असते, रडले असते आणि पास घेतला असता. मला माझी खात्री आहे. तिनं ती वाट ठेवली नाही, यासाठी मी तिचा जन्मभर आदर करीन.

बाबांनी पेन काढलं. मी ते मागून घेतलं. हे पत्र त्यांच्या अक्षरात जायला नको होतं. दुकानाच्या काउंटरवर, बिलबुकाच्या कागदामागे, माझ्या गिचमिड अक्षरात मी लिहिलं : गांजा आणि गोळ्या मी आणत होते. माझ्या रूममेटला पहिल्यांदा मी दिल्या. माझ्या वडिलांनी दिलेल्या पत्रातला तिच्याबद्दलचा मजकूर खोटा होता आणि तो खोटा आहे हे मला त्याच दिवशी माहीत होतं. खाली सही केली. बाबांनी त्याखाली लिहिलं की ते पत्र मी खातरजमा न करता दिलं, ते मी मागे घेतो. तिनं दोनदा वाचलं, एका ठिकाणी बोट ठेवलं आणि म्हणाली, "तारीख टाक."

मी तारीख टाकली. मग आणखी दोन प्रती काढल्या. ती म्हणाली, "दोनच पायजेत." मी म्हटलं, तिसरी माझी आहे.

तिसरी मी सोमवारी रजिस्टर पोस्टानं त्या साहेबाला पाठवली. कोणी मागितली नव्हती. त्यानं माझ्यासाठी कान झाकले होते, चांगला माणूस होता, पण मग तो माझ्याबद्दल अर्धवट खरं वर पाठवणार आणि मी त्याच्यावर पास घेणार, म्हणजे पुन्हा कोणीतरी माझ्यासाठी सही करणार. नको. पुरे झालं.

दीड महिन्यानं दोन ओळींचं पत्र आलं. आपल्या पासचा अर्ज अमान्य करण्यात येत आहे. मी रडले. भरपूर रडले, दोन दिवस जेवले नाही, उगाच शूरपणाचा आव आणत नाही. ती नोकरी मला पाहिजे होती, अजूनही पाहिजे आहे. मामा म्हणाला भैताड आहे पोट्टी, अक्कल नाही. कारखान्यातल्या मैत्रिणी म्हणाल्या, अगं, तुझ्यासोबतच्या यादीतल्या सगळ्यांनी काय धुतलेल्या तांदळाचे फॉर्म भरले असतील? नसतील. पण त्यांच्यापायी कोणी पेटी उचलून घरी गेलं नसेल, आणि गेलं असेल तर ते त्यांचं ते जाणोत. मी हिंगण्याच्या कारखान्यात आहे. पुढेमागे दुसरा फॉर्म येईल, तिथेही हा रकाना असेल आणि तिथेही मी हेच सगळं लिहीन, न विचारलेलंसुद्धा. ज्याला मला घ्यायचं त्यानं हे वाचून घ्यावं.

उन्हाळ्यात कॉलेजनं तिला दुरुस्त दाखला दिला. मला ते आणखी कोणाकडून तरी कळलं. तिनं कळवलं नाही, कळवावं असं आमच्यात काही राहिलंही नव्हतं. मग जुलैत तिचा फोन आला, पहिला आणि आतापर्यंत शेवटचा. मागे एसटीच्या वाहकाची घंटी वाजत होती.

"कॉलेजले चालली," ती म्हणाली. "पहिल्या वर्षापासून सुरू करा लागते. हॉस्टेलात नाही राहणार, रोज जाऊन येऊन करीन."

मी म्हटलं, "काही लागलं तर सांग."

"तुह्याकडून?" ती म्हणाली. "नाही लागत वं." आणि फोन ठेवला.